शेतीच्या व्हिडिओवर घर चालेल का?

शेतीविषयक व्हिडिओ करून त्यावरच पोट भरावे की ते नोकरीबरोबरचे जोडकाम म्हणून ठेवावे, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्यासमोर आहे, आणि आमच्या भागातील अनेक कृषी पदवीधर मुलामुलींसमोरही तो आहे, हे मला येणाऱ्या फोनवरून कळते. "ताई, चॅनेल सुरू करू का? महिन्याला किती पडतात?" असे थेट विचारणारे बरेच असतात. फोनवर दोन वाक्यांत सांगून संपणारी ही गोष्ट नाही, म्हणून या कामाची आशा मला कशी वाटू लागली आणि कोठे कोठे शंका आल्या, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातली. घरची जमीन बहुतेक कोरडवाहू. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडी हळद. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची पदवी घेतल्यावर इतरांप्रमाणे मीही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागले होते. २०२० च्या खरिपाने मात्र त्या अभ्यासावरून माझे मन उडाले. त्या वर्षी मराठवाड्यातील हजारो शेतकऱ्यांचे सोयाबीन नीट उगवलेच नाही. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऐन काढणीच्या दिवसांत, पाऊस थांबला नव्हता. बियाण्यासाठी घेतलेले सोयाबीनही त्यात भिजले होते. तक्रारींचा ढीग लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. आमच्या शिवारातही दुबार पेरणी झाली. आबांनी विकत आणलेल्या बियाण्याने ओळीच्या ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. जेथे उगवले तेथेही हात-हातभर अंतरावर एखादे रोप. पंचनामा झाला, परंतु बियाणे, मजुरी आणि मुख्य म्हणजे मृगाची ओल यांचे जे नुकसान झाले, ते भरून निघणारे नव्हते.

बियाण्याची उगवणक्षमता घरच्या घरी तपासण्याची पद्धत विद्यापीठ आणि कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ती घडीपत्रिकेत असते, कृषी सहायकांच्या बैठकीत सांगितली जाते, आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून आबांनी ती कितीदा तरी ऐकली होती. पण माणूस प्रत्यक्ष पोत्यासमोर उभा असतो, तेव्हा ती त्याच्या समोर नसते. ती त्या क्षणी त्याच्या हातातल्या मोबाइलवर दिसावी, एवढ्याच हेतूने पुढच्या मे महिन्यात मी पहिला व्हिडिओ केला. त्या वेळी त्यात उपजीविकेचा विचार नव्हता.

तो व्हिडिओ कसा झाला हे थोडे तपशिलात सांगते, कारण माझ्या आशा आणि शंका दोन्हींचे मूळ त्यातच आहे. घरच्या सोयाबीनची पोती भिंतीला लावून रचलेली होती. एकाच पोत्याच्या तोंडातून मूठभर दाणे घेतले तर चाचणी फसवी ठरते. खालच्या थरातल्या पोत्यांवर वजन येते, भिंतीकडच्या पोत्यांना ओल लागते आणि सोयाबीनचे साल इतके नाजूक असते की पोते आपटले तरी दाण्याला इजा होते. म्हणून प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे काढून ते एकत्र मिसळले आणि त्यांतून न निवडता शंभर मोजले. फुटलेला दाणा आला तर तोही घेतला. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला केला, त्यावर बोटभर अंतर ठेवून दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरे ओले गोणपाट घातले, गुंडाळी केली आणि ती न्हाणीघराच्या सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचे आणि सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक निघाले तर एकरी ३० किलो हे नेहमीचे प्रमाण पुरते. पासष्ट निघाले तर साधारण ३२ किलो, साठ निघाले तर ३५ किलो, आणि त्याखाली गेले तर ते बी पेरूच नये.

हे सगळे एका मोबाइलवर, उसन्या ट्रायपॉडवर चित्रित केले. न्हाणीच्या दाराशी मी एकटीच बोलत बसलेली पाहून आई म्हणाली, "कुणासंगं बोलायलीस गं?" तिचा तो आवाजही आधीच्या चित्रणात आला होता, तो काढून टाकला, कारण पाहणाऱ्याचे लक्ष दाण्यांवर राहणे महत्त्वाचे होते. पुढे शेतात चित्रण करू लागल्यावर कळले की आमच्याकडे उन्हाळ्यात दहानंतर मोबाइल तापून बंद पडतो, आणि वारा सुटला की बोललेला शब्द ऐकू येत नाही. केसाळ टोपी लावलेला कॉलर माईक घेतला, तेव्हा कुठे शेतातला आवाज ऐकण्याजोगा झाला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हेच सांगते की महागड्या कॅमेऱ्याआधी माईक घ्या. चित्र थोडे धूसर असले तरी शेतकरी पाहतो, पण ऐकू आले नाही तर तो पुढे जातो.

जूनच्या तोंडावर गंगाखेडकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, शंभरातले बावन्नच उगवले बघा. ह्ये बी पेरू का नको?" मी नको म्हणाले, आणि घरचे चांगले बी असलेला एखादा शेजारी शोधा असे सुचवले. सोयाबीन स्वपरागीत पीक असल्याने सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचे घरचे बी तीन वर्षांपर्यंत वापरता येते, हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते सोयाबीन बाजारात विकून पेरणीसाठी दुसरे बी घेतले. तोपर्यंत तो व्हिडिओ काहीशे लोकांनीच पाहिला होता आणि त्यातून मला एक रुपयाही मिळणार नव्हता. तरीही या कामाला आयुष्याची काही वर्षे द्यावीत, असे प्रथम त्या फोनमुळे वाटले. ही भावना मी हलकी मानत नाही. शिकलेले ज्ञान कोणाच्या तरी शेतात उतरल्याचे समाधान स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत मला मिळाले नव्हते.

मग हिशेब मांडायला बसले. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील वर्षभरात ४,००० तासांचा पाहणी-वेळ लागतो; किंवा ९० दिवसांत शॉर्ट्स म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना १ कोटी व्ह्यूज लागतात. यापेक्षा खालची ५०० सबस्क्रायबरची एक पायरी २०२३ मध्ये आली, पण तिच्यात मेंबरशिपसारख्या प्रेक्षकांकडून थेट पैसे घेण्याच्या सोयी मिळतात, जाहिरातीचा वाटा मिळत नाही. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. आठ मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटे पाहत असतील, तर तो ६०,००० वेळा पाहिला जावा लागतो. शॉर्ट्सच्या फीडमध्ये मिळालेला वेळ या चार हजार तासांत धरला जात नाही, हे बहुतेक नव्या मुलांना ठाऊक नसते. नाचगाण्याच्या शॉर्ट्सवर लाखभर व्ह्यूज आल्यावर ती पैशाची वाट पाहत बसतात. पात्र ठरल्यानंतर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के चॅनेलला मिळतात. मात्र एकूण रक्कम किती, हे जाहिरातदार कोणत्या प्रेक्षकासाठी किती पैसे मोजायला तयार आहे यावर ठरते. मुंबई-पुण्यातल्या गृहकर्ज शोधणाऱ्या माणसासाठी जितके पैसे मोजले जातात, तितके सेलू-जिंतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी कोणी मोजत नाही.

पात्रता मिळायला मला अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ लागला. उत्पन्न १० डॉलरच्या पुढे गेले की पत्ता खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी ॲडसेन्सकडून, म्हणजे जाहिरातीचे पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेकडून, सहा अंकी पिन टपालाने येतो. आमच्या गावात घर क्रमांकाने कोणी ओळखत नाही, म्हणून पत्त्यात मारुती मंदिराजवळ असे लिहिले होते, आणि ते पत्र पोस्टमनने न चुकता घरी आणून दिले. तो पिन भरल्यावर, १०० डॉलरचा टप्पा ओलांडला की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान रक्कम बँकेकडे रवाना होते. पहिली रक्कम जमा झाल्याचा संदेश आला तेव्हा आबांनी तो स्वतः वाचला, दोनदा वाचला, आणि नंतर जे विचारले त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे. ते म्हणाले, "समदं बराबर हाय, पण उन्हाळ्यात कुणी बघंना गेलं तर महिना कसा काढायचा?"

आबांचा प्रश्न अगदी नेमका होता. माझे व्हिडिओ मे ते जुलै या काळात सर्वाधिक पाहिले जातात. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक, हा क्रम सांगणारा छोटा व्हिडिओ पेरणीच्या आठवड्यात झपाट्याने पुढे पाठवला जातो. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, बी चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका, असे सांगणाऱ्या चित्रफिती त्याच दिवसांत चालतात. जाहिरातदार मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास हात सैल सोडतात, आणि त्या दिवसांत आमचा प्रेक्षक सोयाबीनच्या मळणीत आणि बाजारभावाच्या चिंतेत असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर पाहणाऱ्यांची संख्या इतकी घटते की महिन्याचे पेट्रोल आणि मोबाइलचे रिचार्ज यांपलीकडे त्या उत्पन्नातून काही भागत नाही. यावर उपाय म्हणून मी हळदीकडे वळले. हळदीची काढणी, शिजवणी आणि पॉलिश हे काम उन्हाळ्याच्या तोंडावर चालते, आणि हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळदीची बाजारपेठ जवळच आहे. त्यामुळे ते महिने अगदीच कोरडे राहिलेले नाहीत, पण अजून भरवशाचेही झालेले नाहीत.

पैशाच्या शंकेपेक्षा मोठी शंका मला वेगळीच आहे. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख दाखवते. कोणत्या सेकंदाला किती लोक पाहणे सोडून गेले ते त्यात कळते. माझ्या बियाणे चाचणीच्या व्हिडिओत तो आलेख सर्वांत जास्त जेथे घसरतो, ते ठिकाण म्हणजे प्रत्येक पोत्याच्या तळातून दाणे का काढायचे, हे मी सांगते ते. चाचणी खरी ठरण्यासाठी याहून महत्त्वाचा भाग नाही. व्हिडिओ बनवण्याचा अनुभव असलेल्या एका स्नेह्याने सल्ला दिला की तेवढे दीड मिनिट कापून टाक, पाहणी-वेळ वाढेल. त्याचा सल्ला त्याच्या शास्त्राप्रमाणे बरोबर होता. पण ते दीड मिनिट न पाहता एखाद्याने वरच्या पोत्यातले टपोरे दाणे घेऊन चाचणी केली, शंभरात नव्वद आले म्हणून निर्धास्त पेरणी केली आणि तळाचे बी उगवलेच नाही, तर त्या नुकसानीत माझा वाटा असेल. माझे उत्पन्न पाहणाऱ्यावर ठरते आणि माझ्या कामाची किंमत पेरणाऱ्यावर ठरते. हे दोघे नेहमी एकच असतील अशी खात्री मला कोणी देऊ शकलेले नाही. तो भाग मी कापला नाही. पुढच्या व्हिडिओत मात्र त्याची जागा बदलली, दाणे आधी मोजून दाखवले आणि तळातले खराब दाणे हातात घेऊन मग कारण सांगितले. गळती थोडी कमी झाली.

शीर्षकाचेही तसेच आहे. "एकरी वीस क्विंटल सोयाबीन" असे लिहिले की लोक थांबतात. आमच्या हलक्या, कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल उतारा पडला तरी समाधान मानले जाते. वीस क्विंटल वाचून एखाद्याने कर्ज काढून खते-औषधे टाकली, तर त्याचा हिशेब कोण देणार? मी शीर्षकात आकडा घालते तो ज्या शेताचा आहे त्या शेताची जमीन, वाण आणि पाणी सांगूनच, आणि त्यामुळे काही प्रेक्षकांना मुकावे लागते हे मान्य करूनच घालते.

हीच परीक्षा जाहिरातीच्या प्रस्तावात झाली. एका कंपनीने पिकाच्या वाढीसाठीचे टॉनिक दाखवण्यासाठी विचारले. देऊ केलेली रक्कम यूट्यूबच्या माझ्या कित्येक महिन्यांच्या उत्पन्नाएवढी होती, आणि घरात त्या वेळी पैशांची निकड होती. अशा जैव-उत्तेजकांना २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणलेले आहे, म्हणून मी नोंदणीचे प्रमाणपत्र आणि चाचणीचे निष्कर्ष मागितले. फवारलेल्या आणि न फवारलेल्या पिकाच्या दोन ओळी फक्त शेजारी दाखवा, कागदांची गरज नाही, असे उत्तर आले. मी नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पैसे घेऊन केलेला व्हिडिओ जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे लागते. हे नियम नव्या मुलांनी पहिल्या दिवसापासून माहीत करून घेतले पाहिजेत. पण मला अडवले ते दंडाच्या भीतीने नाही. २०२२ च्या खरिपात बीड, लातूर, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी उगवते सोयाबीन फस्त केले, तेव्हा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर पसरून सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा बिनखर्चाचा उपाय मी दाखवला होता. त्या शेतकऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो मी काही विकत नव्हते म्हणून.

मुलीने कॅमेऱ्यासमोर येण्याबद्दल गावात कुजबुज झाली, स्थळे येताना हा विषय निघतो, आणि कमेंटमध्ये दिसण्याबद्दल लिहिणारेही असतात. असे शब्द असलेल्या कमेंट परस्पर रोखून धरण्याची सोय आहे, ती मी चालू ठेवली आहे. त्यावर याहून जास्त वेळ मी खर्च करत नाही.

मंच आपल्या मालकीचा नसतो, ही शंका मात्र दूर होण्यासारखी नाही. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आमच्याच गावातील एका मुलाची सगळी मेहनत एका रात्रीत दिसेनाशी झाली. त्याला चाहते कोण होते आणि त्यांच्याशी पुन्हा संपर्क कसा साधायचा, हेही कळायला मार्ग राहिला नाही. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओची मूळ प्रत मी स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवते, आणि तालुक्याप्रमाणे शेतकऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट तयार केले आहेत. व्हिडिओ बंद पडले तरी माणसांपर्यंत पोहोचण्याची वाट खुली राहावी, एवढीच ही तजवीज आहे.

तूर्त मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत माती नमुने घेण्याचे आणि सभासदांना सल्ला देण्याचे अर्धवेळ काम करते आणि उरलेला वेळ व्हिडिओंना देते. या नोकरीमुळे शेतात जाणे होते, खरे प्रश्न कळतात, आणि कोणाची जाहिरात घेण्याची घाई होत नाही. पूर्णवेळ व्हिडिओ करण्याची माझी इच्छा कायम आहे. त्यासाठी आबांशी बोलून एक अट ठरवली आहे: सबंध वर्षाचे, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल धरून, व्हिडिओचे उत्पन्न नोकरीच्या पगाराइतके झाले, तरच नोकरी सोडायची, एखाद्या जूनमध्ये चांगले पैसे आले म्हणून सोडायची नाही. मला फोन करणाऱ्या मुलामुलींना मी आता हीच अट सांगते, आणि त्याबरोबर एवढे सांगते की पहिले वर्ष आपल्याला जे करून पाहता येते त्याचेच व्हिडिओ करा.

या खरिपासाठी आबांनी दोन एकर दिले आहेत. एका एकरात रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरून दोन्ही बाजूंना सरी ठेवून, आणि शेजारच्या एकरात नेहमीच्या सपाट पद्धतीने, एकाच दिवशी, एकाच वाणाचे सोयाबीन पेरायचे आहे. दोन्हींचे चित्रण पेरणीपासून मळणीपर्यंत दर आठवड्याला होईल आणि शेवटी दोन्ही एकरांच्या सोयाबीनचे वजन कॅमेऱ्यासमोर, एकाच काट्यावर होईल. सपाट एकराचा उतारा जास्त आला तरी तो व्हिडिओ जसाच्या तसा दाखवायचा, असे पेरणीआधीच ठरवून टाकले आहे.